दोन इंच पाणी आणि गच्चीवरचा पाइप

वरच्या मजल्यावर सूनबाईंनी भांड्यांचं पाणी सोडलं की खालच्या मजल्यावर सासूबाईंचं सिंक बोलायला लागतं. आधी घुळघुळ, मग घोट घेतल्यासारखा एक लांब आवाज, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात नाक मुरडायला लावणारा वास. बीड शहरात बार्शी नाक्याच्या, नगर रोडच्या, जालना रोडच्या आजूबाजूला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी दुमजली घरं उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी घरांत ही तक्रार ऐकायला मिळते. गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, कुठेही जा, नकाशा साधारण एकच असतो. खाली आई-वडील, वर थोरला मुलगा. किंवा खाली मालक, वर भाडेकरू. स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर, न्हाणीवर न्हाणी, आणि मागच्या भिंतीला लागून वरून खाली उतरलेला एकच पाइप.

या तक्रारीवर घरोघरी काय उपाय होतात ते विचारलं तर यादी लांबते. कुणी बाटलीभर ॲसिड ओततं, कुणी खाण्याचा सोडा आणि लिंबू. कुणी सिंकच्या जाळीवर ओलं फडकं दाबून ठेवतं, कुणी पाण्याने भरलेलं पातेलं. सेप्टिक टँक भरला असेल म्हणून उपसणारा टँकर बोलावला जातो, पैसे जातात, वास राहतो. शेवटी दोष जातो तो वरच्या मजल्यावर: “तुम्ही एकदम पाणी सोडता.” माझं म्हणणं असं की दोष ना सुनेचा, ना सिंकचा. दोष त्या पाइपाचा आहे, जो गच्चीपर्यंत जायला हवा होता आणि वरच्या सिंकपाशीच संपला.

सिंकखाली वाकडा पाइप असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. हल्ली बहुतेक ठिकाणी बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असतो. न्हाणीत फरशीखाली जो बसवतात तो नहाणी ट्रॅप, आणि घराबाहेर चेंबरच्या अलीकडे असतो तो गली ट्रॅप. सगळ्यांचं काम एकच. सांडपाणी निघून गेलं तरी त्यातलं थोडं पाणी वळणात अडकून राहतं, आणि तेच पाणी गटाराची हवा घरात येऊ देत नाही. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश कारागिराने १७७५ मध्ये संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. सुमारे अडीचशे वर्षं झाली, जगाने यापेक्षा साधा पहारेकरी शोधलेला नाही.

पण हा पहारेकरी दोन इंचांचा आहे. चांगल्या ट्रॅपमध्ये पाण्याचं कुलूप साधारण ५० मिलिमीटर उंचीचं असतं. ५० मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम दोनशेवा हिस्सा. पाइपातल्या हवेचा दाब एवढासा जरी खाली-वर झाला, तरी हे कुलूप हलतं. दाब कमी झाला तर पाणी ओढलं जातं, वाढला तर बुडबुड्यांसकट वर फेकलं जातं.

आता वरच्या मजल्यावरून भरलेलं सिंक एकदम रिकामं होतं तेव्हा काय घडतं ते पाहू. उभ्या पाइपातून पाणी खाली येताना आपल्यासोबत हवाही खाली खेचत नेतं. जी हवा गेली तिची जागा भरायला वरून हवा यायला पाहिजे. पाइपाचं वरचं तोंड उघडं असेल तर ती तिथून येते, कुणाला पत्ताही लागत नाही. तोंड बंद असेल तर पाइप मिळेल तिथून हवा ओढतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे खालच्या सिंकचं दोन इंच पाणी. तो घुळघुळाट म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातली हवा त्या पाण्यातून गटाराकडे ओढली जात असल्याचा आवाज. जाताना ती ट्रॅपमधलं पाणीही घेऊन जाते, आणि मग रिकाम्या वळणातून वास उलटा येतो.

हे झालं ओढण्याचं. ढकलण्याचा प्रकार वेगळा. उभा पाइप जमिनीजवळ वळून आडवा होतो, तिथे पाणी एकदम मंदावतं, साचतं आणि पुढची हवा कोंडते. त्या वळणाच्या अगदी जवळ खालचं सिंक जोडलेलं असेल तर कोंडलेली हवा वर उसळते आणि वरचं खरकटं पाणी खालच्या सिंकमध्ये फेसासकट दिसतं. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत तीन मजल्यांपर्यंतच्या घरात या वळणापासून निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, सोडूनच सगळ्यात खालची जोडणी घ्यायला सांगितली आहे. आपल्याकडे त्याहून सोपी वाट उपलब्ध असते: तळमजल्याचं सिंक उभ्या पाइपाला जोडूच नये, त्याचा पाइप स्वतंत्र बाहेर काढून थेट गली ट्रॅपवर सोडावा. नवं घर बांधणाऱ्याने एवढी एक गोष्ट केली तरी अर्धं दुखणं जन्मालाच येत नाही.

हे दुखणं आपल्या आजोबांच्या घरात नव्हतं. धोंडीपुऱ्यात, पेठ बीडमध्ये जी जुनी माळवदाची घरं आजही तग धरून आहेत, त्यांत न्हाणी म्हणजे दगडी फरशीचा कोपरा, भिंतीला भोक, आणि बाहेर परसात अळूचा नाहीतर केळीचा वाफा. भांडी मोरीवर घासली जायची, पाणी उघड्या नालीतून वाहायचं. डास व्हायचे, चिखल व्हायचा, पण कोंडलेली हवा नव्हती, कारण कोंडायला काही नव्हतंच. मग सिमेंटचा स्लॅब आला, वर मजला चढला, पीव्हीसीचा पाइप आला, नाली जमिनीखाली गेली. हे सगळं चांगलंच झालं. उघड्या नालीची हळहळ मला वाटत नाही. पण नाली झाकताना तिची हवा कुठून येणार हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्याची किंमत आज घरातल्या बायका नाकाने मोजताहेत.

याचं वाईट जास्त वाटतं, कारण बंद मार्गातून पाणी नेताना हवेला वाट ठेवायची असते, हे या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बीडजवळची खजाना विहीर बघा. अहमदनगरच्या निजामशाहीत, मूर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवली. राजा भास्कर या कारागिराचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. विहिरीत पाणी आणणाऱ्या आणि शेतांकडे नेणाऱ्या नहरी जमिनीखालून जातात. अशा भुयारी नहरींवर ठरावीक अंतराने उभी विवरं वर काढलेली असतात, आत उतरून गाळ काढायला आणि हवा खेळती ठेवायला. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी खोदली, तिच्यावरही अशीच विवरं आहेत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळाचे हवेसाठीचे दगडी उच्छ्वास अजून काही ठिकाणी उभे आहेत. ते पाणी पिण्याचं आणि शेतीचं होतं, सिंकचं सांडपाणी नव्हतं, त्यामुळे तुलना फार ताणायची नाही. पण बंद वाटेत हवा अडली की पाणी अडतं, हा हिशेब त्या गवंड्यांच्या हातात होता. आजच्या गवंड्याच्या हातात तो द्यायला आपण विसरलो.

अशा एका घरी काम चालू असताना मी हजर होतो. खाली-वर दोन स्वयंपाकघरं, खालचं सिंक बोलणारं. प्लंबर चाळिशी ओलांडलेला, आधी गवंड्याच्या हाताखाली काम केलेला. त्याने औजारांच्या पिशवीला हातही न लावता आधी वरच्या ताईंना सिंक बुच लावून काठोकाठ भरायला सांगितलं. खाली सिंकखालचं सामान बाजूला काढलं, बॉटल ट्रॅपच्या वर जाळीतून मोबाइलचा उजेड टाकला आणि घरातल्या काकांना म्हणाला, “काका, इकडं बघा फक्त.” वर बुच निघालं. तीन-चार सेकंद काहीच नाही. मग जाळीखालच्या पाण्याचा चमकणारा गोल आधी थरथरला, मध्ये खड्डा पडला, आणि घुर्रकन आवाज करत ते पाणी खाली गेलं. उजेडात आता नुसती काळपट, ओली भिंत दिसत होती. “हे पाणी गेलं ना, इथून वास येतोय. पाइप चांगलाय, ट्रॅप चांगलाय. हवाच नाई त्याला.”

मग सगळे गच्चीवर. मागच्या कोपऱ्यात स्लॅबमधून करड्या रंगाच्या पाइपाचं तोंड बोटभर वर आलेलं, त्यात सिमेंटचा माल दाबून भरलेला. घर बांधताना तीन इंची पाइप गच्चीपर्यंत आणला होता. पुढे गच्चीला कोबा करताना ‘हा मध्येच कशाला’ म्हणून कापला आणि पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून बुजवला. मालकांना आठवत होतं. गवंड्याने विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. काढायला सांगणाऱ्याला आणि काढणाऱ्याला दोघांनाही तो पाइप कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, यात लबाडी कुणाचीच नाही.

छिन्नीने माल फोडला. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा तोंडातून गरम, आंबूस वाफ आली आणि प्लंबरने मान बाजूला केली. त्यावर जोड घालून सात फुटांचा पाइप उभा केला, भिंतीला क्लॅम्प मारले, डोक्यावर काऊलची टोपी बसवली. पुन्हा खाली येऊन तीच परीक्षा: वर भरलेलं सिंक सोडलं, खाली उजेडात पाण्याचा गोल थोडा डुलला आणि जागेवर राहिला. आवाज नाही. काकू तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “सात वर्षं झाली की हो मला सांगायला लागून.”

त्या घरात एवढ्यावर भागलं, सगळीकडे भागेलच असं नाही. खालचं सिंक उभ्या पाइपापासून लांब असेल, किंवा त्याचा आडवा पाइप बारीक असेल, तर नुसतं वरचं तोंड उघडून चालत नाही. दीड इंची, म्हणजे ४० मिलिमीटरचा पाइप सिंकपासून साधारण तीन मीटरच्या आत उभ्या पाइपाला मिळाला पाहिजे. त्याहून लांब गेला तर तो पूर्ण भरून वाहतो आणि स्वतःच्याच ओढीने स्वतःचा ट्रॅप रिकामा करतो. उतार जास्त दिला की पाणी पटकन जातं, ही समजूतही इथे उलटते. फार तीव्र उतारानेही ट्रॅप ओढला जातो. अशा वेळी खालच्या ट्रॅपच्या लगेच मागून हवेसाठी वेगळा पाइप काढावा लागतो. हा पाइप कुठे जोडायचा यात मात्र हमखास चूक होते. जवळ पडतं म्हणून तो खालच्या मजल्यावरच उभ्या पाइपात शिरवतात. तसं केलं की वरचं खरकटं पाणी त्यात उतरतं, भात आणि तेल साचतं आणि वर्षा-दोन वर्षांत तो बुजतो. तो वरच्या सिंकच्या काठापेक्षाही निदान अर्धा फूट वर नेऊन मगच उभ्या पाइपाला मिळवायचा. म्हणजे वरचं सिंक तुंबलं तरी घाण पाणी त्यात जाणार नाही.

पाइप कोणता घ्यायचा हेही दुकानात नीट विचारावं. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आयएस १३५९२ हे भारतीय मानक आहे. त्यात दोन प्रकार आहेत: ‘ए’ हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी, ‘बी’ सांडपाण्यासाठी आणि मैल्यासाठी. ‘ए’ पातळ आणि स्वस्त असतो, म्हणून काही ठिकाणी तोच सगळीकडे खपवला जातो. गच्चीवरच्या हवेच्या तुकड्याला ‘ए’ पुरेसा आहे, पण ज्यातून पाणी वाहणार त्याला ‘बी’च हवा.

उंचीबद्दल लोकांचा आक्षेप रास्त असतो. मराठवाड्यात गच्ची ही रिकामी जागा नव्हे. उन्हाळ्यात तिथे कुरडया, पापड, शेवया वाळतात. रात्री अंथरुणं पडतात. नाकाशी गटाराचा वास नको म्हणूनच तो पाइप कापला जातो. पण नियम करणाऱ्यांनी हे आधीच ओळखलेलं आहे. इमारतीच्या सांडपाण्याबद्दलचं आयएस १७४२ हे मानक सांगतं की ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा आहे, तिथे हवेचा पाइप छतापासून निदान दोन मीटर उंच न्यावा, आणि जवळ कुणाची खिडकी असेल तर तिच्या माथ्यापेक्षाही दोन मीटर वर. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. उभ्या माणसाच्या डोक्यावरून वारा वास घेऊन जातो. कमरेएवढा पाइप मात्र खरोखरच त्रास देतो, आणि मग तो कापला जातो किंवा त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली जाते.

पिशवीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. डास सेप्टिक टँकमध्ये वाढतात आणि टँकच्या हवेच्या, म्हणजे गॅसच्या, पाइपातून बाहेर पडतात, म्हणून त्या पाइपाला जाळी बसवा असं आरोग्य खात्याचे कर्मचारी घरोघर सांगत असतात. सांगतात ते बरोबर आहे. पण जाळीच्या जागी जुन्या साडीच्या चार पदरांची घडी नाहीतर पिशवी बांधली की डासांबरोबर हवाही बंद. बारीक छिद्रांची नायलॉनची किंवा तारेची जाळी, एकच पदर, दोरीने घट्ट. वर्षातून एकदा काढून झटकली पाहिजे, कारण आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या धुळीने तीही बुजते.

हवा फक्त वासासाठी लागते असंही नाही. टँकमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात. दुसरा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, तेव्हाच तो जीव घेतो. परळीला लागून असलेल्या सोनपेठ तालुक्यात, परभणी जिल्ह्यात, मे २०२३ मध्ये सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगारांचा मृत्यू झाला. गॅसचा पाइप असला म्हणजे टँकमध्ये उतरायला हरकत नाही, असा अर्थ कुणीही काढू नये. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद केलेलं आहे आणि ते बंदच राहिलं पाहिजे. पण टँकचा वायू सतत वर निघून जावा यासाठी आयएस २४७० या मानकात निदान ५० मिलिमीटरचा पाइप सांगितला आहे, आणि टँक घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर तो इमारतीच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर. आपल्या प्लॉटमध्ये १५ मीटर लांब टँक कुणाचा असतो?

बीडचा वेगळा प्रश्न पाण्याचा आहे. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आलेले उन्हाळे या शहराने काढलेत. अशा ठिकाणी ट्रॅपमधलं दोन इंच पाणी कुणी मुद्दाम भरत नाही. भांडी एका टोपल्यात घासायची, ते पाणी झाडांना घालायचं, आणि वरच्या मजल्याचं सिंक महिना-महिना कोरडं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये ते कुलूप काही आठवड्यांत उडून जातं. त्यात बंद घरं. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा वरचा मजला वर्षभर कुलूपबंद असतो. परत आल्यावर दार उघडलं की ‘बंद घराचा वास’ म्हणून जो येतो, त्यात बराचसा वाटा कोरड्या ट्रॅपांचा असतो.

कोरडा ट्रॅप किती महागात पडू शकतो हे हाँगकाँगने २००३ मध्ये पाहिलं. सार्सच्या साथीत ॲमॉय गार्डन्स या गृहसंकुलात १५ एप्रिलपर्यंत ३२१ जणांना लागण झाली. तपासात दिसलं की न्हाणीतल्या फरशीचे ट्रॅप कोरडे पडलेले होते, आणि न्हाणीतले पंखे मैल्याच्या पाइपातली हवा, सूक्ष्म थेंबांसकट, घरात ओढत होते. ते उंच इमारतींचं शहर, आपलं दुमजली घर. तरी पाइप, ट्रॅप आणि हवा यांचं नातं तिथेही हेच होतं. म्हणून घर बंद करून जाताना प्रत्येक जाळीवर जाड प्लॅस्टिक घालून वर वीट ठेवा, आणि परतल्यावर दिवा लावायच्या आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. तांब्याभर पाणी दुष्काळातही परवडतं.

आणखी दोन गोष्टी पटकन सांगतो. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या पाइपाला जोडू नका. जोरदार सरीत तो पूर्ण भरतो आणि हवेची वाट बंद करतो. आणि जिथे काळी माती आहे तिथे जमिनीखालचे पाइप वाळूच्या थरावर घाला. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचा उतार बिघडवते. पाणी साचलेल्या आडव्या पाइपातून हवा फिरत नाही, मग गच्चीवर कितीही उंच काऊल लावा.

दुकानांतून आता हवा आत घेणारी एक झडपही मिळू लागली आहे. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात ती निघाली. पाइपात ओढ तयार झाली की रबरी पडदा उचलून ती हवा आत घेते, वास बाहेर येऊ देत नाही. फरशी फोडायची नसेल तर सिंकखाली ती उपयोगी पडते. पण ती हवा फक्त आत घेते, कोंडलेली बाहेर सोडत नाही. आणि धुळीने, तेलाच्या चिकट थराने पडदा अडकतो. गच्चीवरच्या उघड्या तोंडाला ती पर्याय नाही.

नियम नाहीत अशी सबब इथे चालत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेचा नववा भाग प्लंबिंगचाच आहे, २०१६ ची आवृत्ती हाताशी आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभरासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, ती नगरपालिकांनाही लागू आहे. तरी परवानगीच्या नकाशात खोल्या, जिना, पार्किंग, समासातली जागा सगळं रंगवलेलं असतं आणि हवेचा पाइप बहुधा नसतो. भोगवटा प्रमाणपत्र देताना गच्चीवर जाऊन त्या पाइपाचं उघडं तोंड पाहिलं जावं, एवढी मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेकडे आणि नगरपंचायतीकडे करायला हवी. आयटीआयमधून दरवर्षी प्लंबिंग शिकून मुलं बाहेर पडतात. गावागावातल्या गवंड्यांना त्यांच्यासोबत बसवून चार दिवसांचं शिक्षण द्यायला कुठल्या मोठ्या योजनेची गरज नाही.

सरकार करील तेव्हा करील. दिवाळीची साफसफाई करताना गच्चीवर गेलात तर मागच्या कोपऱ्यातला पाइप शोधा. तो आहे का, तोंड उघडं आहे का, डोक्याच्या वर गेलाय का, पिशवी बांधली आहे का, हे बघा. मग वरचं सिंक भरून सोडा आणि खालच्या सिंकपाशी कुणाला तरी उजेड धरून बसवा. पाणी ओढलं गेलं तर ॲसिडची बाटली बाजूला ठेवा आणि प्लंबरला बोलावून एवढंच सांगा: पाइपाला हवा द्या.